मनाचे स्वास्थ्य आणि गावाची कला



देवास गेट हे नाव घेतले की उज्जैनकरांच्या डोळ्यांपुढे काय उभे राहते? बसगाड्यांची वर्दळ, रेल्वे स्टेशनाचा शेजार, लॉज आणि धर्मशाळांच्या पाट्या, महाकालेश्वराच्या दर्शनाला आलेल्या यात्रेकरूंची बोचकी आणि चहाच्या टपरीवर घटकाभर टेकलेली माणसे. येथे रात्रंदिवस कोणीतरी येत असते आणि कोणीतरी जात असते. बारा वर्षांनी सिंहस्थ भरतो तेव्हा तर माणसांचा पूर लोटतो. मागचा सिंहस्थ २०१६ साली झाला. पुढचा २०२८ साली भरावयाचा आहे. अशा जागेचे नाव घेऊन एकटेपणाविषयी बोलावे, हे काहींना विचित्र वाटेल. परंतु गर्दी निराळी आणि सोबत निराळी. हजार माणसे शेजारून गेली म्हणून मनाचे ओझे हलके होते असे नाही. उलट, त्या हजारांत आपले कोणी नाही ही जाणीव अधिकच बोचू लागते.

अशा वस्तीतल्या माडीवर राहणारे एखादे वृद्ध जोडपे डोळ्यांपुढे आणा. मुलगा पुण्यास, मुलगी बंगळूरला. रोज फोन येतो, पण फोन ठेवल्यावर संध्याकाळ उरतेच. खालच्या खोलीत परीक्षेची तयारी करणारा विद्यार्थी राहतो. त्याच्या दोन परीक्षा हुकल्या आहेत आणि घरी ते कसे कळवावे हे त्याला सुचत नाही. समोरच्या लॉजात काम करणारा पोरगा कोठल्यातरी खेड्यातून आला आहे. त्याच्याशी लोक बोलतात ते फक्त चादर आणि पाण्याची बाटली मागण्यापुरते. ह्यांना कोणी वेडे म्हणणार नाही आणि तेही स्वतःला आजारी म्हणवून घेणार नाहीत. झोप लागत नाही, अन्नावर वासना नाही, कशात मन रमत नाही, एवढेच ते सांगतील; पुष्कळदा तेवढेही सांगणार नाहीत.

हा काही मूठभर माणसांचा प्रश्न नव्हे. बंगळूरच्या ‘निम्हान्स’ ह्या संस्थेने २०१५-१६ साली बारा राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. त्या बारा राज्यांत आपला मध्यप्रदेशही होता. प्रौढ माणसांपैकी सुमारे १०.६ टक्के लोकांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार होता, असे त्यातून दिसून आले. ह्याहून गंभीर गोष्ट पुढेच आहे. निरनिराळ्या विकारांच्या बाबतीत ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोहोचतच नव्हते. वैद्य थोडे आहेत हे त्याचे एक कारण. पण लोक काय म्हणतील ह्या भीतीने वैद्याच्या दारापर्यंत न जाणारे पुष्कळ, हे दुसरे. वैद्य वाढले पाहिजेत, औषधे मिळाली पाहिजेत, ह्याविषयी वाद नाही. परंतु घरापासून वैद्याच्या दारापर्यंतची जी लांब वाट आहे, तिच्यावर शेजाऱ्याने, मंडळाने, गावाने काय करावे, हा आजच्या माझ्या बोलण्याचा विषय आहे. माझे उत्तर साधे आहे. चार माणसांनी मिळून गावे, चितारावे, शिवावे, नाचावे, लिहावे, नाटक बसवावे. कला केवळ पाहावयाची नव्हे, ती करावयाची आहे.

संजा आणि भोंडला

हा विचार परदेशातून आणण्याची गरज नाही. तो आपल्या भिंतींवर शेणाने आणि फुलांनी लिहिलेला आहे. भाद्रपद पौर्णिमेपासून सर्वपित्री अमावास्येपर्यंत माळव्यातल्या मुली घराच्या भिंतीवर संजा मांडतात. शेणाने आकृती काढावयाची, तिच्यावर फुलांच्या पाकळ्या चिकटवावयाच्या, संध्याकाळी आजूबाजूच्या घरच्या मुलींनी जमून गाणी म्हणावयाची. आकृती रोज निराळी: कधी चंद्रसूर्य, कधी स्वस्तिक, कधी सोंगट्यांचा पट, आणि अखेरीस सगळ्यांत मोठा किल्लाकोट. शेवटी ते सारे पाण्यात विसर्जित करावयाचे. कोणाची संजा उत्तम म्हणून पदक नाही आणि जपून ठेवण्याचा लोभही नाही.

उज्जैन १८१० सालापर्यंत शिंद्यांची राजधानी होती. त्या काळापासून येथे नांदत असलेल्या मराठी घरांत ह्या सोळा दिवसांना लागूनच आपला भोंडला येतो. अमावास्या सरते, नवरात्र बसते, आणि पाटावर हत्ती काढून मुली त्याच्याभोवती फेर धरतात. विदर्भ-खानदेशात ह्याच सुमारास भुलाबाई बसते. म्हणजे माळव्यात राहणाऱ्या मराठी मुलीला जवळजवळ सलग महिनाभर रोज संध्याकाळी चित्र, गाणे, फेर आणि मैत्रिणी ह्यांची संगत लाभत होती. शेवटी खिरापत ओळखण्याचा खेळ होई, तेव्हा सगळ्यांत अबोल मुलीलाही तोंड उघडावे लागे.

ह्या गाण्यांत काय असते ते ध्यानात घ्या. संजेच्या गाण्यात सासर आहे, भोंडल्याच्या गाण्यात सासू, नणंद, माहेरची ओढ आहे. जे दुःख एकटीने बोलून दाखवले असते तर ‘उद्धट’ म्हणून संभावना झाली असती, तेच दुःख वीस जणींनी फेर धरून म्हटले की त्याचे हसू होई आणि त्याची धार बोथट होई. तक्रार तीच, पण ती एकटीची राहत नसे. मनाच्या उपचाराचे सारे शास्त्र ह्यात आले असे मी म्हणत नाही; परंतु त्या शास्त्राचा एक मोठा धडा ह्यात निश्चित आहे.

जाते गेले, ओवी गेली

जात्यावरच्या ओव्यांचेही तेच. गी पॉइट्वँ आणि हेमा राईरकर ह्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. साने गुरुजींनी त्याही पूर्वी स्त्रियांच्या ओव्यांचे मोल ओळखून त्या संग्रहित केल्या होत्या. पहाटेच्या अंधारात दोघी जणी समोरासमोर बसत, दगड फिरू लागे आणि त्याच्या घरघरीत भावाची वाट, लेकराचे आजारपण, नवऱ्याचा राग, विठ्ठलाची ओढ हे सारे ओवीत उतरे. रचणारीला आपण कवयित्री आहोत ह्याचा पत्ताही नसे.

मग पिठाची गिरणी आली. ती आली हे चांगलेच झाले. पहाटे उठून दळण्याचे कष्ट पुन्हा यावेत असे ज्याला वाटत असेल, त्याने चार दिवस दळून पाहावे! परंतु गिरणीने धान्य दळले तसे ओवीला दळून दिले नाही. कष्ट गेले, आणि त्या कष्टांच्या आश्रयाने राहणारे गाणेही गेले. पूर्वीची कला कामाला आणि पंचांगाला टांगलेली होती. दळण आले की ओवी आली, भाद्रपद आला की संजा आली, आषाढ आला की दिंडी आली. आता काम बदलले, घरे बदलली, भिंतींना रंग आले, शेण दुर्मीळ झाले. म्हणून जे पूर्वी आपोआप घडत होते ते आता ठरवून घडवावे लागेल. माझ्या मते ह्या प्रश्नाचे मूळ येथेच आहे. आपण गाणी विसरलो हे तितकेसे वाईट नाही; गाण्यासाठी असलेली जागा आणि वेळ आपण गमावली, हे वाईट आहे.

तिच्या जागी काय आले? ध्वनिक्षेपक आले, स्पर्धा आल्या, पडदा आला. मंडळाच्या गणेशोत्सवात पूर्वी ज्यांची आरती चुकत असे तेही टाळ वाजवीत. आता खुर्च्यांच्या रांगा लागतात, चार जण मंचावर असतात आणि चारशे जण समोर. खिशातल्या फोनवर तर जगातले उत्तमोत्तम गायन अष्टौप्रहर उपलब्ध आहे. ऐकणाऱ्याचा त्यात लाभच आहे. पण उत्तम गायन ऐकून ऐकून ‘आपल्याला कुठे गाता येते’ असे म्हणणारांची संख्या वाढली, हेही खरे.

देवासचा एक रुग्ण

देवास गेटवरून निघणारा रस्ता ज्या गावी जातो, त्या देवासचे एक उदाहरण सांगतो. गाव येथून ३५-४० किलोमीटरांवर आहे. १९४८ सालच्या जानेवारीत तेथे एक तरुण गवई आजारी अवस्थेत राहावयास आला. वय अवघे तेवीस. बालपणापासून कीर्ती मिळवलेली आणि आता क्षय झालेला. डॉक्टरांनी गाण्याची मनाई केली. हा गवई म्हणजे कुमार गंधर्व. त्या काळी क्षय म्हणजे काय हे जुन्या माणसांना ठाऊक आहे. जवळजवळ पाच वर्षे ते गाऊ शकले नाहीत. गवयाला गळा असून गाता येऊ नये, ह्याहून मोठी मनोव्यथा कोणती?

त्या काळात त्यांच्या कानांवर पडत होती ती माळव्यातील गाणी. जवळपासच्या बायका लग्नकार्यात, सणावारी, ऋतूच्या फेऱ्यात जी गाणी म्हणत, ती. फिरस्ते साधू दारावरून जाताना जी निर्गुणी भजने म्हणत, ती. त्या बायकांना आपण एका थोर कलावंताला औषध देत आहोत ह्याची कल्पनाही नसेल. त्या आपल्यासाठी गात होत्या. परंतु अंथरुणावरच्या माणसाचे मन त्या सुरांत गुंतले. पत्नी भानुमती ह्यांच्या साह्याने त्यांनी ती गाणी गोळा केली, त्यांची स्वरलेखने केली. १९५३ च्या सुमारास ते पुन्हा गाऊ लागले तेव्हा ते पूर्वीचे कुमार गंधर्व नव्हते. मालवती, लगनगंधार अशा रागांचे बीज त्या लोकधुनांत होते. पुढे ‘अनूपरागविलास’ हा त्यांचा ग्रंथ १९६५ साली आला. १९९२ साली त्यांचा अंत झाला तोही देवासलाच. बरे झाल्यावरही त्यांनी ते गाव सोडले नाही.

ह्या कथेत एक सावधगिरी बाळगली पाहिजे. कुमारांचा क्षय गाण्याने बरा झाला नाही. तो बरा होण्यास त्या काळात नव्याने मिळू लागलेले स्ट्रेप्टोमायसिन आणि पत्नीची शुश्रूषा कारणीभूत झाली. फुफ्फुस औषधाने सावरले. परंतु ती पाच वर्षे मन कशाने सावरले, ह्या प्रश्नाला औषधाचे नाव सांगून भागत नाही. दोहोंचे काम निरनिराळे आहे, आणि दोन्ही लागतात.

योगायोग असा की, ‘आर्ट थेरपी’, म्हणजे कलेद्वारा उपचार, हा शब्दप्रयोग ज्याने रूढ केला तो एड्रियन हिल हा इंग्रज चित्रकारही क्षयाचाच रुग्ण होता. १९३८ साली आरोग्यधामात पडून असताना तो समोरच्या साध्यासुध्या वस्तूंची चित्रे काढू लागला. पुढे महायुद्धात जखमी होऊन तेथे आलेल्या शिपायांना त्याने हाती पेन्सिल दिली. १९४५ साली त्याने ह्या अनुभवावर पुस्तक लिहिले. दूर ब्राझीलमध्ये नीझे दा सिल्वेइरा ह्या महिला डॉक्टरने मनोरुग्णांना विजेचे झटके देण्याचे नाकारले आणि १९४६ साली रिओच्या रुग्णालयात त्यांच्यासाठी रंगांची आणि मातीची कार्यशाळा उघडली. जे रुग्ण वर्षानुवर्षे बोलत नव्हते त्यांनी काढलेली चित्रे एवढी साठली की, १९५२ साली त्यांचे संग्रहालय स्थापन करावे लागले.

परीक्षेला उतरलेली गोष्ट

कोणी म्हणेल, ह्या निवडक माणसांच्या गोष्टी झाल्या, सामान्यांचे काय? तेव्हा सामान्य माणसांवर केलेले दोन प्रयोग सांगतो. इंग्लंडच्या केंट परगण्यात साठीपुढच्या २५८ स्त्री-पुरुषांना चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणे दोन गटांत विभागले. एका गटाने आठवड्यातून एकदा, असे १४ आठवडे एकत्र गाणे म्हटले. दुसऱ्याचा दिनक्रम नेहमीप्रमाणे चालू राहिला. गाणाऱ्यांची चिंता व उदासीनता दुसऱ्या गटापेक्षा कमी भरली. सहा महिन्यांनी पाहिले तेव्हा तो फरक पुष्कळ ओसरला होता, तरी मनाच्या स्वास्थ्याच्या मोजमापात काही लाभ टिकून होता. ह्याचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. ओसरला हे ऐकून निराश होऊ नका. जेवण थांबवले तर भूक लागते, ह्यावरून जेवण निरुपयोगी ठरत नाही!

दुसरा प्रयोग ऑक्सफर्डच्या संशोधकांचा, त्याच वर्षीचा. प्रौढांच्या सायंवर्गांत काही जण समूहगान, काही हस्तकला, काही लेखन शिकत होते. गाणाऱ्यांचा परस्परांशी जिव्हाळा सर्वांत लवकर जडला. परंतु सात महिन्यांअखेर तिन्ही प्रकारच्या वर्गांत जिव्हाळा सारखाच झाला होता. ह्यातून आपणांस धडा असा मिळतो की, अनोळखी माणसे जमवावयाची असतील तर आरंभ गाण्याने करावा. पुढे प्रत्येकाने आपल्या आवडीचे काम घ्यावे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली ह्या विषयावरील ९०० हून अधिक प्रकाशनांचा आढावा घेतला आणि आरोग्य राखण्यात व आजार सुसह्य करण्यात कलांचा वाटा आहे असा अभिप्राय दिला. ह्याच संघटनेच्या १९४८ साली अमलात आलेल्या घटनेत आरोग्याची व्याख्या करताना केवळ रोगाचा अभाव न म्हणता शारीरिक, मानसिक आणि सामाजिक स्वास्थ्य म्हटलेले आहे. त्यातला ‘सामाजिक’ हा शब्द आपण वाचून पुढे जातो. आज मला त्याच शब्दापाशी थांबावयाचे आहे.

हे कसे घडते, हे थोडक्यात सांगतो. चिंता करणारे मन एकाच जागी गिरक्या घेते. हातात सुई असली, बोटांत माती असली, की त्या गिरक्यांना खंड पडतो; कारण पुढचा टाका कोठे घालावयाचा हे मनाला पाहावेच लागते. एकत्र गाताना श्वास लांब घ्यावा लागतो आणि शेजाऱ्याच्या श्वासाशी जुळवून घ्यावा लागतो. ज्या दुःखाला शब्द सापडत नाही त्याला रंग सापडतो. हातून एखादी वस्तू पुरी झाली की ‘माझ्याने काही होत नाही’ ह्या समजुतीला समोर पुरावा उभा राहतो. आणि अखेरचे, कदाचित सर्वांत मोठे कारण असे की, गुरुवारी आपण गेलो नाही तर ‘आज का आला नाहीत?’ असे विचारणारे कोणीतरी असते.

कलेची मर्यादा

आता मर्यादा. ज्याला जगणे नकोसे झाले आहे, ज्याला भास होत आहेत, ज्याचे खाणेपिणे, झोप आठवडेच्या आठवडे बिघडली आहे, त्याला भजनाला घेऊन जाणे हा उपचार नव्हे. त्याला डॉक्टरांकडे नेणे हाच शेजारधर्म होय. २०२२ सालच्या ऑक्टोबरपासून भारत सरकारची ‘टेली मानस’ ही दूरध्वनीसेवा सुरू आहे. १४४१६ हा तिचा क्रमांक सर्वांनी टिपून ठेवावा. कला ही डॉक्टरांची सवत नव्हे. पुण्याचे ‘मुक्तांगण’ व्यसनमुक्ती केंद्र १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट ह्यांनी सुरू केले आणि पु. ल. देशपांडे व सुनीताबाई ह्यांनी त्याला साह्य दिले. त्या ठिकाणी औषध, समुपदेशन, शिस्त आणि माणसांची संगत ही एकमेकांचा हात धरून चालतात. स्वतः अवचट लाकूड कोरीत, कागदाच्या घड्यांतून प्राणी-पक्षी करीत, बासरी वाजवीत, आणि ह्या छंदांविषयी त्यांनी पुस्तकही लिहिले. डॉक्टर असलेल्या माणसाने छंदाला एवढी प्रतिष्ठा द्यावी, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

दुसरी मर्यादा अशी की, चुकीच्या रीतीने केलेली कला अपाय करते. ‘तुझा आवाज बेसूर आहे, तू नुसते ओठ हलव’ असे लहानपणी कोणी सांगितले म्हणून जन्मभर न गायलेली माणसे प्रत्येकाच्या ओळखीत आहेत. स्पर्धा कलेला चांगली, पण दुखावलेल्या मनाला नव्हे. तसेच, कोणी चित्रात काळे घर काढले तर ‘ह्याचा अर्थ काय?’ म्हणून त्याच्या मागे लागू नये. सांगावेसे वाटले तर तो सांगेल. आणि त्याने सांगितलेले त्या खोलीच्या बाहेर जाऊ नये. ही गुप्तता राखता येत नसेल, तर अशा उद्योगाच्या वाटेला न जाणे बरे.

तिसरा आक्षेप भाकरीचा. ज्याला रोजगार नाही त्याला चित्र काढावयास सांगणे ही थट्टा आहे, असे कोणी म्हणतात. आक्षेप रास्त आहे. गरिबी, कर्ज, घरातली मारहाण ह्यांवर गाणे हा तोडगा नव्हे. त्यांच्याशी निराळे लढावे लागते. पण एकटा पडलेला माणूस लढत नाही, हेही तितकेच खरे. आणि गरिबाला कला नको असते, ही समजूत तर सर्वस्वी खोटी आहे. ओव्या कोणी रचल्या? रात्ररात्र चालणारा माळव्याचा माच कोणी जिवंत ठेवला? गुरू बालमुकुंदांसारख्यांनी एकोणिसाव्या शतकात उज्जैनीत त्याला रूप दिले, आणि तो टिकला लोकांच्या बळावर.

काय करता येईल?

तेव्हा करावयाचे काय? देवास गेटसारख्या वस्तीत फार मोठ्या भांडवलाची गरज नाही. शाळेचे, मंडळाचे, धर्मशाळेचे दालन आठवड्यातील बहुतेक संध्याकाळी रिकामे असते. त्यांतली एक संध्याकाळ मागून घ्यावी आणि ती कधीही मोडू नये. पाऊस असो, परीक्षा असो, दोनच माणसे येवोत, दार उघडलेच पाहिजे. खचलेल्या मनाला नवलाईपेक्षा नेमाचा आधार अधिक असतो.

आरंभी पंधरा-वीस मिनिटे सर्वांना येणारी गाणी: आपली भजने, माळवी गाणी, ज्याला जे येईल ते. मग गोधडीचे तुकडे, कागद, रंग, माती. लिहू इच्छिणाऱ्यांसाठी एक कोपरा. खुर्च्यांच्या रांगा नकोत. सर्वांनी गोल बसावे, म्हणजे कोणी पुढे नाही आणि कोणी मागे नाही. प्रदर्शन नको, बक्षीस नको, मान्यवर पाहुणे तर मुळीच नकोत. एखाद्या समजदार शिक्षिकेने किंवा निवृत्त परिचारिकेने मानसिक आजाराची लक्षणे ओळखण्याचे थोडे शिक्षण घ्यावे आणि गरज पडली तर माणसाला सोबत घेऊन डॉक्टरांकडे जावे. भाद्रपदात तेथेच संजा मांडावी आणि आश्विनात भोंडला व्हावा; त्यात मुलींबरोबर मुलगे असावेत, सासवांबरोबर सुना असाव्यात.

ह्या कामाचा एक वडीलधारा आदर्श उज्जैनला लाभलेला आहे. डॉ. विष्णु श्रीधर वाकणकर ह्यांनी १९५७ साली भीमबेटकाची चित्रे जगापुढे आणली हे सर्वांना ठाऊक आहे. २००३ साली ते स्थान जागतिक वारसा म्हणून मान्य झाले. परंतु हेच वाकणकर येथे ‘भारती कला भवन’ चालवीत आणि मुलांच्या हाती कुंचला देत, हे तितके लोकांच्या ध्यानात नसते. भीमबेटकाच्या खडकांवर एक चित्र पुन्हापुन्हा येते: माणसे ओळीने उभी राहून एकत्र नाचत आहेत. शिकार, पाऊस, हिंस्र पशू ह्यांच्या धाकात जगणाऱ्या माणसाने आपला रंग ह्या गोष्टीवर खर्च केला. ती त्याला चैनीची वाटली नसावी.

मराठी मंडळींना शेवटी एक विनंती. आपण येथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलो. येथल्या माधव महाविद्यालयाने गजानन माधव मुक्तिबोधांना विद्यार्थी म्हणून आणि प्रभाकर माचव्यांना अध्यापक म्हणून पाहिले. दोघांचे घर मराठी आणि दोघांनी हिंदी साहित्य समृद्ध केले. आपल्या मंडळाच्या दारावर मराठी पाटी असावी, पण दार केवळ मराठीसाठी नसावे. लॉजातला तो पोरगा, फुलांचा गजरा विकणारी बाई, रिक्षावाला, खोली घेऊन राहिलेला विद्यार्थी, ह्यांना आत बोलवा. त्यांना एखादे गाणे येत असेल. ते आपल्याला येत नसेल. ते त्यांच्याकडून शिकून घ्या. ज्याला आजवर कोणी काही विचारले नाही, त्याच्यापाशी बसून ‘हे आम्हाला शिकव’ असे म्हणणे, ह्याहून मोठे औषध शेजाऱ्याच्या हातात नाही.

आज घरी गेल्यावर आपल्या गल्लीतील अशा एका माणसाचे नाव आठवा, जो महिनाभरात कोणाशी मोकळेपणाने बोललेला नाही. येत्या आठवड्यात त्याला एकदा गाण्यास बोलवा. सूर लागला नाही तरी चालेल; तो आला पाहिजे.